धरायला एक माणूस

पाठवलेला मेसेज:
पोचलो दोघंही. खजूर ठीक आहे. घर छान आहे, खिडकीतून खाडी दिसते. काळजी करू नकोस.

न पाठवलेला मेसेज:
खाडी दिसत नाही. समोरच्या इमारतीच्या जिन्याची जाळी दिसते. खाडीचा फक्त वास येतो. आणि एजंटने घरमालकिणीला मांजराचं सांगितलेलंच नाही.

*

खजूर हा आमचा बोका. वय तेरा. मस्कतमध्ये एका खजुराच्या दुकानामागे, रिकाम्या खोक्यात सापडला, म्हणून खजूर. आम्हाला मूल नाही. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे कोणीतरी विचारणारच.

गेल्या वर्षी त्याच्या किडन्या थकल्या. तेव्हापासून दर दिवसाआड त्याच्या पाठीच्या कातडीखाली शंभर मिली सलाईन सोडावं लागतं. बाटली कोमट पाण्यात ठेवायची, पडद्याच्या दांडीला टांगायची, खांद्यांमधली कातडी चिमटीत धरून तंबू करायचा आणि त्या तंबूत सुई सरकवायची. पाच-सहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ त्याने हलायचं नाही. तो हलतो. म्हणून एकाने धरायचं, दुसऱ्याने टोचायचं. माझा नवरा ऋषी धरायचा, मी टोचायची.

एक दिवस चुकला तर चालतं. दोन पाळ्या चुकल्या की तो खाणं सोडतो. मग पाण्याच्या वाटीवर हनुवटी टेकून नुसता बसून राहतो, पीत नाही. त्याच्यापुढे काय होतं ते आम्ही कधी पाहिलेलं नाही आणि मला पाहायचं नव्हतं.

मला वाशीच्या ऑफिसात नोकरी लागली. न्हावा शेव्याला उतरणाऱ्या कंटेनरांचे कागद तपासायचं काम, निम्मे दिवस घरून. ऋषीचं तिकडचं काँट्रॅक्ट मार्चअखेरपर्यंत. तो कंपनीच्या खोलीत राहायला गेला, तिथे चौघांत एक न्हाणीघर आणि जनावराला बंदी. म्हणून खजूर माझ्याबरोबर. त्याच्या कागदांची फाइल आमच्या लग्नाच्या सगळ्या कागदांपेक्षा जाड झाली.

माझं माहेर अकोल्याचं. मधली एकवीस वर्षं मस्कतची. नवी मुंबई मी टॅक्सीच्या काचेतून दोनदा पाहिली होती. इथे लोक माझीच भाषा बोलत होते आणि तरी मला दूध कुठे मिळतं हे विचारायला लाज वाटत होती.

*

घर सीवूड्स स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, करावे गावात. स्टेशनच्या बाजूने काचेचा मॉल. चार गल्ल्या आत आलं की देऊळ, तुळशी, दारात वाळणारी जाळी आणि एकमेकींना खेटून उभ्या चार मजली इमारती. तळमजल्यावर मालक, वर भाडेकरू. आमची मालकीण भागीरथीकाकी. अडुसष्ट वर्षांच्या, बुटक्या, मनगटभर हिरव्या बांगड्या, गुडघ्यापर्यंत कासोटा घातलेलं लुगडं.

चावी देताना त्यांनी एकच अट सांगितली.

"मच्छी खा, पाव्हने आना, गानी लावा. आमी काय बोलनार नाय. पन मांजर नको. गच्चीव माजी सुकट वालते."

माझ्या हातातली बॅग त्याच क्षणी हलली. मी ती मागे घेतली. एजंट हितेश वर पंख्याकडे बघत होता.

"सांगितलं नाहीस त्यांना?" जिन्यात मी विचारलं.

"मॅडम, टेन्शन नका घेऊ. मी बोलतो ना काकीशी. टायमिंग बघून."

त्याचं टायमिंग अजून जुळायचंय.

*

पहिल्या आठवड्यात काय काय मिळालं:

मांजराची वाळू, मोबाइलवरून, अकरा मिनिटांत. किडनीच्या आजाराचं खाणं, सीवूड्सच्या एका दुकानात, वेगळ्या कंपनीचं, पण त्याने हुंगलं आणि खाल्लं. गॅस. बादली. पडद्याची दांडी. कढीपत्ता (मागितला नव्हता, भाजीवालीने आपणहून टाकला). सलाईनच्या बाटल्या, सुया, नळ्या. सुया ठेवायला झाकणाचा डबा.

धरायला माणूस:

*

प्राण्यांचे डॉक्टर तेजस नेरुळला बसतात. वयाने लहान, पण खजूरला "साहेब" म्हणतात, त्यामुळे मला आवडले. पहिल्या दोन पाळ्या त्यांच्याकडेच झाल्या. रिक्षा, हॉर्न, खड्डा, हॉर्न. दुसऱ्या खेपेला खजूर तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागला. कुत्र्यासारखा. मांजराने असं केलं की समजायचं, त्याला सोसत नाहीये.

काट्यावर दोन किलो आठशे पन्नास भरला.

"मॅडम, साहेबांना किडनी मारणार नाही, रिक्षा मारेल," डॉक्टर म्हणाले. "घरीच द्या. तुम्हाला टोचता येतंय. धरायला कोणी आहे ना?"

"आहे," मी म्हणाले. का म्हणाले, माहीत नाही. त्या महिन्यात मी सगळ्यांना "आहे" म्हणत होते.

मग मी मोबाइलवर माणूस शोधला. घरी येऊन प्राण्यांची शुश्रूषा करणारा. आला. खांद्यापर्यंत चामड्याचे हातमोजे. त्याचं नाव संघर्ष. हे मी बनवत नाहीये. संघर्ष आला, संघर्ष झाला, संघर्ष गेला. जाताना एक मोजा विसरला, तो नेण्यासाठीही परत आला नाही.

मग एकटीने. टॉवेलात गुंडाळून: पंचवीस मिली गेलं, उरलेलं टॉवेलात. गुडघ्यांत धरून: चाळीस मिली, आणि मांडीवर चार ओरखडे. जमिनीवर आडवी पडून, त्याला कुशीत घेऊन, बोलत बोलत: "घे रे राजा. एवढंच. टोचणार नाही, बघ. संपलंच." साठ मिली. ती सगळ्यात चांगली सकाळ.

पाठवलेला मेसेज:
माणूस मिळाला धरायला. मस्त चाललंय.

न पाठवलेला मेसेज:
तुझा डावा हात कसा असायचा? त्याच्या छातीखाली की मानेखाली? मी तेरा महिने फक्त सुईकडे बघत होते.

*

जिन्यातलं बोलणं. मी दाराच्या आत, जमिनीवर, कुशीत खजूर. बाहेर भागीरथीकाकी आणि शेजारच्या राजाबाई. दोघींना वाटतं त्या हळू बोलतायत.

"आत कोनतरी हाय गो."

"कोन असंल? एकटीच आलीय ना ती?"

"एकटी? सकाली बोलते कोनाशी मंग? 'घे रे राजा, एवढंच, टोचनार नाय.' माजे कानांनी ऐकलाय."

"अगो बाय. बाप्या?"

"सुक्या कचऱ्यान सलायनच्या बाटल्या होत्या. दोन."

"मंजे आजारी बाप्या."

"लपवलेला आजारी बाप्या," काकी म्हणाल्या.

मग राजाबाईंचा आवाज:

"नवराच असंल ना पन?"

"नवराच. दुसऱ्याची सेवा कोन करतंय इतकी?"

मला हसू आलं, आणि मग सुटल्यासारखं वाटलं. आजारी पुरुष चालत होता. नको होतं ते मांजर.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला बरं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी मी बॅगेतून ऋषीचा एक शर्ट काढला, पाण्यात बुडवला, पिळला आणि बाल्कनीच्या दोरीवर वाळत घातला.

*

त्याचा परिणाम.

सोमवारी दारात तांदळाच्या पेजेचं भांडं, वर ताटली. मंगळवारी शेवग्याचा पाला. बुधवारी जिन्यात गाठ पडली तर काकींनी नुसता माझ्या गालावरून हात फिरवला आणि त्या खाली गेल्या. वरच्या मजल्यावर कोणीतरी जोरात गाणी लावली होती, ती त्यांनी ओरडून बंद करवली. "आजारी मानूस हाय इमारतीन!"

मी पेज खाल्ली. छान होती. भांडं घासून परत दिलं.

आणि वर खजूरला फक्त अर्धंमुर्धं सलाईन जात होतं. शुक्रवारची पाळी पूर्ण चुकली. शनिवारी त्याने सकाळचं खाणं हुंगून सोडलं. रविवारी तो पाण्याच्या वाटीवर हनुवटी टेकून बसला.

ऋषीचा फोन येत होता. मी घेतला नाही.

*

रविवार. अमावास्या. सकाळचे अकरा.

५००

बाटलीवरची रेघ. बाटली दांडीला टांगली आहे. खजूर उशीच्या अभ्र्यात, डोकं तेवढं बाहेर, ही नवी युक्ती. माझं एक ढोपर त्याच्या मागे, एक हात कातडीवर, एका हातात सुई. नळीची चकती फिरवायला तिसरा हात हवा, म्हणून दातांनी. दाराची कडी लावायला विसरले आहे.

दार वाजत नाही, सरळ उघडतं. भागीरथीकाकी. दोन्ही हातांत कापडाने धरलेलं पातेलं. वाफ. सगळ्या खोलीत खेकड्यांचा तिखट, गोड, खाडीचा वास.

"चिंबोऱ्यांचा रस्सा हाय. त्याला बसव उठवून, गरम गरम—"

त्या पलंगाकडे बघतात. पलंग रिकामा. न्हाणीघराच्या उघड्या दाराकडे बघतात. मग जमिनीकडे.

४९५

खजूर अभ्र्यातून सुटला. सुई बाहेर, सलाईनची धार काकींच्या लुगड्यावर. तो कपाटाकडे, मी त्याच्या मागे गुडघ्यांवर, "काकी, दार, दार!" त्यांनी पायाने दार ढकललं, पातेलं खाली ठेवलं, पदर खोचला आणि वाकल्या. मी डोळे मिटले. मला वाटलं, मांजर शेपटीला धरून खिडकीबाहेर जाणार.

डोळे उघडले तेव्हा खजूर त्यांच्या हातात होता. मागून धरलेला. अंगठा पाठीवर, बोटं पुढच्या पायांमागून छातीखाली, दुसऱ्या हाताने पदराचं टोक त्याच्या डोळ्यांवर. त्या भुईवर फतकल मारून बसल्या. तो थरथरत होता, पण हलत नव्हता.

"टोच आता. कनाला बगतेस माजे तोंडाकं?"

मी टोचलं.

४८०

"काकी, तुम्हाला कसं जमलं?"

"चिंबोरी अशीच धरतात. मागनं. पुढनं गेलीस का नांगीन पकरते. नि भ्यायाचा नाय. भ्यालीस का तिला कलतं."

४६५

"हा कोन?"

"खजूर."

त्यांनी करंगळीने त्याच्या फासळ्या मोजल्या.

"खजूर कशाचा? खारीक झालीय त्याची."

४५०

"नि तो बाप्या कुठं हाय?"

"मस्कतला. बरा आहे. आजारी हा आहे."

"मंग सदरा कोनाचा वालत होता?"

"त्यांचाच."

"रिकामाच भिजवून वालत घातलास?"

"हो."

"मला दाखवायला?"

"हो, काकी."

४३५

नळीतल्या नळकांड्यात थेंब पडताना दिसत होते. टप. टप.

४२५

"चार दिस आवसेची वाट बगली मी," काकी म्हणाल्या. माझ्याकडे न बघता, पदराकडे बघत. "पुनवेच्या चिंबोऱ्या पोकल असतात. आजाऱ्याला आवसेच्या, भरलेल्या लागतात. सून बोलली, बाजारातून आन. बाजारातल्या कवाच्या असतात कोनाला म्हाईत. मीच उतरली पाटे खाडीन. सात वर्सांनी."

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. घोट्यापर्यंत वाळलेला चिखल होता. नखांत काळा.

"मला माफ करा."

"हलू नको. सुई हलंल."

४१०

"आमच्या म्हाताऱ्याला रोज दोन बाटल्या लागायच्या. आठ महिने. मी पन लपवायची. बाटल्या नेरुलच्या कचऱ्यान टाकून यायची. लोक इचारतात ना, म्हनून. बोलाया लागतं. मला वाटलं, ही पन तसंच करते. हिला कोन नाय."

खजूरने त्यांच्या पदराआडून एकदा गुरगुर केली. घाबरल्याची की बरं वाटल्याची, ते मला तेरा वर्षांनीही ओळखता येत नाही.

४००

चकती बंद केली, सुई काढली. त्याच्या खांद्यांवर पाण्याचा उंचवटा आला होता, लहानशा उंटासारखा. काकींनी आपणहून सुईच्या भोकावर बोट दाबून धरलं.

"उतरंल ना हे?"

"संध्याकाळपर्यंत उतरतं. आधी एका पायात जातं."

त्यांनी त्याला उचललं, हातावर दोनदा वरखाली केलं, डोळे बारीक केले.

"तीन किलोला एक चिंबोरी कमी."

नेरुळचा काटा मला आठवला. दोन किलो आठशे पन्नास. नंतर कळलं, चाळीस वर्षं वाशीच्या बाजारात टोपली घेऊन बसलेला हात होता तो.

*

मग त्या उठल्या. पातेलं माझ्यापुढे सरकवलं.

"हे तू खा. तूच आजारी दिसतेस."

"काकी, खोली मी—"

"खोलीचा मंग बगू. खोटं बोललीस ते मी इसरनार नाय. त्या हितेशला पन सोडनार नाय मी, त्याला पयला बगते. नि गच्चीचा दरवाजा बंद पायजे. कायमचा. एक बोंबील जरी कमी झाला, तं तुमी दोगं रस्त्याव."

"हो."

दारापर्यंत गेल्या. चपला घातल्या. उभ्या राहिल्या, पाठमोऱ्या.

"परवा किती वाजता?"

*

पाठवलेला मेसेज:
ऋषी, खिडकीतून खाडी दिसत नाही. माणूस मिळाला म्हणाले तेव्हा मिळालेला नव्हता. आज मिळाला. तुझा निळा चौकड्यांचा शर्ट मी उगाच धुतला, त्याचं कारण फोनवर सांगते, मेसेजमध्ये मावणार नाही. खजूरने आत्ता सहा चमचे खाल्लं. मी मोजलं. मी पण खाल्लं. चिंबोरीची नांगी कशी फोडायची ते काकींनी परत वर येऊन दाखवलं, कारण मी ती कात्रीने कापत होते आणि त्यांना खालपर्यंत आवाज गेला.

न पाठवलेला मेसेज:
(काही नाही.)

*

दिवसाआड, अकराला, किंवा मी वाशीला जाणार असेन तेव्हा आठला. काकी येतात, फतकल मारतात, "दे माजी खारीक" म्हणतात. पहिले पंधरा दिवस त्यांनी खजूरशी एक शब्दही काढला नाही, फक्त माझ्याशी बोलल्या: सुनेबद्दल, मिठागरांबद्दल, आता जिथे मॉल आहे तिथे त्यांची भातशेती होती त्याबद्दल. मॉलमध्ये त्या अजून एकदाही गेलेल्या नाहीत. "आपलेच शेतान तिकडं चपला घालून कोन जातंय?"

तिसऱ्या आठवड्यात त्या त्याला "ए खारके" म्हणाल्या आणि आपल्याला कोणी ऐकलं का ते बघितलं.

एकदा पदराच्या गाठीतून त्यांनी एक सुका जवळा काढून त्याला देऊ केला. मी ओरडले. डॉक्टरांची सक्त मनाई, मीठ चालत नाही. "आजाऱ्याला मीठ नाय, म्हाताऱ्याला पन हेच बोललेले," त्या म्हणाल्या, आणि जवळा स्वतःच्या तोंडात टाकला. त्यानंतर वर येताना गाठ सोडून येतात. तरी खजूर ती जागा दर वेळी हुंगतो.

राजाबाई एकदा बघायला आल्या. "हा होय तुजा बाप्या?" इतकं हसल्या की दांडीवरची बाटली हलली.

मार्चमध्ये ऋषीचं काँट्रॅक्ट जूनपर्यंत वाढलं. ते त्याने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, आम्ही सलाईनला बसलो होतो तेव्हा. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला. त्याला माझा खांदा दिसत होता, खजूरचे कान आणि हिरव्या बांगड्यांचे दोन हात. तो बराच वेळ त्या हातांकडेच बघत होता.

"मी डाव्या हाताने छातीखाली धरायचो," तो हळूच म्हणाला.

"पुढनं धरायचास, चुकीचा," काकी म्हणाल्या. "म्हनून तो चावायचा तुला."

"तुम्हाला कोणी सांगितलं चावायचा?"

"मागच्या येलंला हात दाखवलास ना फोनवर. अंगठ्याव खुना हायत."

ऋषी हसला आणि त्याने स्वतःचा अंगठा बघितला. तीन महिने अजून, आणि खजूर तेरा वर्षांचा. मला कळत होतं त्याला काय विचारायचंय, आणि ते त्याला विचारवत नव्हतं. मी सुई काढली. काकींनी भोकावर बोट दाबलं.

"काकी," तो म्हणाला, "किती भरतो आता?"

त्यांनी खजूरला उचललं. डोळे बारीक केले. एकदा वर, एकदा खाली. खजूर त्यांच्या मनगटावर पाय लोंबकळत सोडून, पाठीवर पाण्याचा उंचवटा घेऊन, फोनकडे बघत राहिला.

"तीन किलो. नि वर एक चिंबोरी."

"लहान की मोठी?"

काकींनी परत एकदा तोललं. घाई नव्हती त्यांना.

"आवसेची," त्या म्हणाल्या.